चष्म्यातल्या डिस्प्लेसाठी वेव्हगाइड: आरसे की ग्रेटिंग? सल्ला हवा

नवखी_काच:

नमस्कार मंडळी. एका डोळ्यापुढे बसणारा पारदर्शक डिस्प्ले करायचा आहे. समोरचं जग नीट दिसलं पाहिजे आणि त्यावर वळणाचा बाण नि अंतराचे आकडे. उन्हातही वाचता यायला हवेत. हाताशी सामान असं: 0.13 इंची हिरवा मायक्रो-एलईडी पॅनल (640×480, पिक्सेल 4 मायक्रॉन), मिलिमीटरला 1000 रेघांची विवर्तन फिल्म (म्हणजे ग्रेटिंग, प्रकाश वळवणारी बारीक रेघांची जाळी), 1 मिमी जाडीच्या मायक्रोस्कोप स्लाइड आणि 365 नॅनोमीटरच्या टॉर्चने सुकणारा यूव्ही गोंद.

ही फिल्म स्लाइडवर चिकटवून वेव्हगाइड (प्रकाश आतल्या आत परावर्तित करत डोळ्यापुढे नेणारी काचेची पट्टी) होईल का? पॅनल थेट काचेच्या कडेला लावला तर चालेल, की मध्ये लेन्स लागेलच? आणि पुढे रंगीत करायचं झालं तर एकाच पट्टीत 30 अंशांचं चित्र मावेल का?

किरणमापी:

लेन्स लागणारच, आणि सगळ्यात आधी तीच. काचेच्या पट्टीत टिकून राहतो तो फक्त किरणाचा कोन. किरण कुठून निघाला हे पहिल्या दोन-चार परावर्तनांतच पुसलं जातं. म्हणून प्रत्येक पिक्सेलचा प्रकाश समांतर झोत होऊनच आत शिरला पाहिजे. पॅनल कडेला चिकटवलात तर हिरवा उजेड दिसेल, अक्षर एकही दिसणार नाही.

तुमच्या पॅनलची रुंदी 2.56 मिमी. 6.4 मिमी फोकल लांबीची लेन्स घेतलीत तर आडवा कोन 22.6 अंश, उभा 17 आणि एक पिक्सेल साधारण 2.1 आर्कमिनिटांचा (60 आर्कमिनिटं म्हणजे 1 अंश) होतो. आकडे वाचायला हे भरपूर झालं.

फोकस लावताना मात्र घाई नको. 6.4 मिमीच्या लेन्सला पॅनल 10 मायक्रॉन सरकला की 0.25 डायॉप्टर (चष्म्याच्या नंबरचं एकक) चुकतात. पट्टीतून झोताच्या एकाशेजारी एक अशा अनेक प्रती बाहेर पडतात, आणि तेवढ्यानेही शेजारच्या दोन प्रतींच्या सांध्यावर सुमारे 3 आर्कमिनिटांची फारकत पडते, म्हणजे एका पिक्सेलपेक्षा जास्त. सोपी रीत अशी: दुर्बीण दूरच्या मनोऱ्यावर फोकस करा, मग फोकसला हात न लावता ती लेन्सकडे वळवा आणि पॅनल पुढेमागे करत पिक्सेल धारदार दिसतील तिथे थांबा. त्या जागी गोंद सुकवला की पुन्हा एकदा दुर्बिणीतून पाहा, कारण गोंद आक्रसताना पॅनल ओढतो.

जाळीदार:

फिल्मबद्दल. मिलिमीटरला 1000 रेघा म्हणजे जाळीच्या दोन रेघांमधलं अंतर 1000 नॅनोमीटर. हिरवा प्रकाश 525 धरला तर पहिल्या क्रमाचा, म्हणजे सगळ्यात कमी वळलेला, किरण काचेत साधारण 20 अंशांवर वळतो (कोन पृष्ठाच्या लंबापासून). 1.52 अपवर्तनांकाच्या काचेचा क्रांतिक कोन 41.1 अंश, याहून तिरका किरणच पूर्ण परावर्तित होऊन आत राहतो. तेव्हा तो किरण आत अडकतच नाही, मागच्या बाजूने सरळ बाहेर पडतो. दुसरा क्रम 43.7 अंशांवर जातो, म्हणजे काठावर पास. पण त्यात प्रकाश कमी असतो आणि एका बाजूला 3 अंशसुद्धा चित्र टिकत नाही. ही फिल्म बाजूला ठेवा.

मिलिमीटरला 2400 रेघांची जाळी घेतली तर तोच किरण 56 अंशांवर जातो, हे बरोबर बसतं. पण आत शिरवणारी आणि बाहेर काढणारी अशा दोन्ही जाळ्यांचं अंतर तंतोतंत सारखं हवं. 400 नॅनोमीटरच्या जाळीत 0.1 नॅनोमीटरचा फरक पडला तरी किरण 1 आर्कमिनिटाहून जास्त ढळतो. म्हणून दोन्ही तुकडे एकाच मास्टरवरून (मूळ साच्यावरून), शक्यतो एकाच पत्र्यातून कापलेले घ्या आणि रेघांची दिशाही जुळवा. दिशा चुकली की चित्र फिरतं आणि रंग पसरतो.

आता रंगीत चित्राचा हिशेब, कारण घोडं इथेच पेंड खातं. काचेतला सगळ्यात उथळ चालीचा वापरता येणारा किरण 75 अंशांचा धरू. त्यापुढे उड्या इतक्या लांब पडतात की प्रतींमध्ये खिंडारं राहतात. एकाच रंगासाठी जाळीच्या दिशेने जास्तीत जास्त चित्रकोन असा मिळतो: अपवर्तनांक 1.5 ला 26 अंश, 1.8 ला 43, 2.0 ला 55. आणि 460 ते 630 नॅनोमीटर असे तिन्ही रंग एकाच पट्टीतून न्यायचे तर 1.8 च्या महागड्या काचेतही 398 नॅनोमीटरच्या जाळीवर हाती उरतात फक्त 18 अंश. निळा क्रांतिक कोनाला टेकतो आणि लाल 75 अंशांना.

म्हणूनच 2016 च्या मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या होलोलेन्स चष्म्यात रंगांसाठी पट्ट्यांची चळत होती आणि 2018 च्या मॅजिक लीप वन चष्म्यात तर सहा पट्ट्या: तीन रंग, दोन फोकस अंतरं. 2024 साली दाखवलेल्या मेटाच्या ओरायन चष्म्यात सुमारे 70 अंश मिळाले त्यामागे सिलिकॉन कार्बाइडच्या काचा आहेत. त्यांचा अपवर्तनांक 2.6 च्या पुढे जातो. साध्या काचेत 30 अंश रंगीत एकाच पट्टीत मावत नाही. हा आग्रह आत्ताच सोडा.

आणखी एक: अशा 398 च्या जाळीवर डोक्यावरून 80 अंशांनी आलेला हिरवा उजेड पलीकडे 20 अंशांच्या आसपास थेट डोळ्याकडे वळतो. उन्हात कपाळापाशी इंद्रधनुष्य दिसतं ते हेच. वर छोटी झडप लावली की बरंच कमी होतं.

काचघर:

जाळीदार यांच्याशी सहमत. बाण आणि आकडे, तेही एकाच रंगात, एवढंच हवं असेल तर मी आत तिरके अर्धपारदर्शक आरसे बसवलेली पट्टी सुचवेन. ग्रेटिंगला नॅनोमीटर सांभाळावे लागतात, आरशांना आर्कसेकंद (आर्कमिनिटाचा साठावा भाग). आर्कसेकंद साध्या लेसरने भिंतीवर मोजता येतात, म्हणून चूक वेळेत सापडते.

मोजमापं देतो. काच बीके7, अपवर्तनांक 1.517. पट्टीची जाडी 2 मिमी. आरसे पट्टीच्या पृष्ठाशी 26 अंशांवर. मधला किरण काचेत 52 अंशांनी चालेल आणि आरशावर आपटून पृष्ठाला काटकोनात डोळ्याकडे निघेल. 22.6 अंशांचं चित्र काचेत 44.6 ते 59.4 अंशांत बसतं, म्हणजे 41.2 च्या क्रांतिक कोनापासून सुरक्षित अंतर आहे.

खिडकी, म्हणजे चित्र बाहेर पडणारा भाग, केवढी हवी? डोळा काचेपासून 18 मिमी, डोळा हलवायला 10 मिमी मोकळीक, त्यात 22.6 अंशांचा पसारा मिळवून 17.2 मिमी. 2 मिमी पट्टीत एक आरसा 4.1 मिमी रुंदी व्यापतो. चार आरसे किंचित अपुरे पडतात, म्हणून पाच.

परावर्तन सगळ्यांना सारखं ठेवलंत तर प्रोजेक्टरकडची बाजू उजळ आणि पलीकडची मंद दिसते, कारण पुढे जाताना प्रकाश संपत जातो. प्रत्येक आरशाने मूळ प्रकाशाचा 10 टक्के वाटा द्यायचा तर क्रम असा: 10, 11.1, 12.5, 14.3, 16.7 टक्के. सगळा प्रकाश वापरायच्या मोहाने 20, 25, 33, 50, 100 असं करू नका. शेवटचा आरसा भिंतच होईल आणि समोरच्या दृश्यात उभे पट्टे दिसतील.

कोटिंग करून देणाऱ्याला दोन कोन लिहून द्या. 26 अंशांवर वर दिलेली टक्केवारी, 78 अंशांवर शक्य तितकं कमी परावर्तन, दोन्ही 525 ± 15 नॅनोमीटरला. काचेत किरण वर आणि खाली असे दोन्हीकडून येतात. उलट बाजूचा किरण आरशाला 78 अंशांनी भिडतो आणि तिथे परावर्तन झालं की भुताची प्रतिमा उठते. आरसे नेमके 30 अंशांवर ठेवलेत तर हा उलटा किरण आरशाला समांतरच होतो, म्हणून 30 टाळा.

बांधणी: 1.8 मिमी जाडीच्या चकत्या कोट करून एकावर एक चिकटवायच्या, मग ती चळत 26 अंशांत कापायची आणि दोन्ही पृष्ठं घासून 2 मिमीवर आणायची. प्रोजेक्टरकडे 15 मिमी मोकळा मार्ग हवा, म्हणून त्या बाजूचा पहिला ठोकळा 6.6 मिमी जाड घ्या. गोंद 1.524 अपवर्तनांकाचा चालेल, उदाहरणार्थ एनओए 65. आधी काही सेकंदच यूव्ही द्या, म्हणजे गोंद धरेल पण चकती हलवता येईल. मग चळतीवर लेसर टाकून 5 मीटरवरच्या भिंतीवर ठिपके पाहा. दोन आरशांत 20 आर्कसेकंदांची तिरपाई असली तर ठिपक्यांत साधारण दीड मिलिमीटर अंतर दिसतं. त्याच्या आत आणा, मगच पूर्ण सुकवा. लेसरचा ठिपका डोळ्यांनी फक्त भिंतीवरच बघायचा.

कापल्यावर दोन्ही पृष्ठांची समांतरता 5 आर्कसेकंदांच्या आत हवी. खिडकीच्या मध्यापर्यंत 25 मिमीच्या वाटेत साधारण पाच येरझाऱ्या होतात आणि दर येरझारीला तिरपेपणाच्या दुप्पट चूक भर पडते. 1 आर्कमिनिट तिरपेपणा असलेल्या काचेत बाहेर 15 आर्कमिनिटं होतात, म्हणजे सात पिक्सेल. स्लाइडवर अक्षरं फाटतात ती याच कारणाने, फिल्मचा त्यात दोष नसतो.

नवखी_काच:

फार उपयोगी. मग 3 मिमी जाड पट्टी घेतली तर तीन आरशांत भागेल ना? काम निम्मं होईल. आणि मला दूरचा चष्मा आहे, तर नंबरची लेन्स याच पट्टीवर चिकटवू का?

काचघर:

तीन आरशांत भागेल, 18.45 मिमी खिडकी मिळेल. पण मग झोत पुरत नाही. पट्टी पूर्ण भरायला आत शिरणारा झोत जाडीच्या दुप्पट गुणिले कोनाची ज्या (साइन) एवढा रुंद लागतो. 3 मिमीला ते टोकाच्या किरणासाठी 5.2 मिमी होतं, 6.4 मिमीच्या लेन्सला एवढं छिद्र म्हणजे जवळजवळ एफ/1.2 (फोकल लांबी छिद्राच्या 1.2 पट). 2 मिमीला 3.4 मिमी पुरतात आणि एफ/1.6 ची, 4 मिमी छिद्राची लेन्स ते सहज देते. झोत कमी पडला की डोळा आडवा सरकवताना चित्र उघडझाप करतं. काम वाढलं तरी पाच आरसेच बरे.

पट्टीचं टोक नुसतं तिरकं कापून हा झोत आत जात नाही. तिथे फक्त 2.5 मिमी तोंड मिळतं. पृष्ठावर 52 अंशांचा छोटा प्रिझम चिकटवा. त्याची आतली कड धारदार हवी आणि गोंद कडेबाहेर ओघळलेला नको, नाहीतर पहिल्याच उडीनंतर प्रकाश परत प्रिझममधून निसटतो.

किरणमापी:

नंबरची लेन्स पट्टीवर चिकटवू नका. गोंद लागला की त्या पृष्ठावरचं पूर्ण आंतरिक परावर्तन संपलं. लेन्स डोळ्याच्या बाजूला ठेवा, कडेकडेने पातळ स्पेसर लावून मध्ये हवेची फट राखा. त्याच कारणाने बोटाचा ठसाही चालत नाही. तेलाच्या डागावर प्रकाश बाहेर फुटून हिरवं धुकं दिसतं. बाहेरच्या बाजूलाही फट ठेवून पॉलिकार्बोनेटचं कवच लावा. काच डोळ्याजवळ आहे, फुटली तर इजा होईल, म्हणून हे ऐच्छिक समजू नका.

अजून कोणी बोललं नाही ती गोष्ट म्हणजे उभा कोन. हे आरसे चित्र फक्त आडवं पसरवतात. उभ्या दिशेला डोळ्याला दिसतं ते 4 मिमीच्या छिद्रातून, सुमारे 39 मिमी अंतरावरून. म्हणजे 17 पैकी साधारण 6 अंश, 480 पैकी जेमतेम 170 ओळी. बाण आणि आकड्यांची एक ओळ मावते, नकाशा मावणार नाही. मजकूर पॅनलच्या मधल्या 170 ओळींतच मांडा.

उन्हाचा हिशेब: पॅनल 1 लाख निट्स (उजळपणाचं एकक) देत असेल तर आरशाच्या 10 टक्क्यांनंतर आणि इतर घट धरून डोळ्याशी 8 हजार समजा. उन्हातला पांढरा कागद 25 हजारांच्या घरात असतो. उघड्या काचेवर त्याच्यासमोर बाण ओळखू येणं कठीण, जेमतेम 1.4 ला 1. बाहेरच्या कवचाला 20 टक्के पारदर्शकतेची काळी छटा दिलीत तर जवळजवळ 3 ला 1 मिळतं. काही हजार निट्सचा साधा मायक्रो-ओएलईडी इथे टिकणार नाही, तुमचा मायक्रो-एलईडीच ठेवा.

नवखी_काच:

ठरलं: एकच रंग, 2 मिमी, पाच आरसे. चकत्या सहा, पाचांना कोटिंग, पहिला ठोकळा 6.6 मिमी. कडांना काळा रंग द्यायचा का?

काचघर:

ठोकळा धरून सहा, म्हणजे कोटिंगच्या 1.8 मिमी चकत्या पाच आणि मोकळा ठोकळा एक. कोटिंगची बाजू ठोकळ्याकडे, नाहीतर पहिला आरसा एक चकती पुढे सरकेल. कडा काळ्या करा, विशेषतः शेवटच्या आरशापलीकडची. उरलेला प्रकाश तिथून परततो आणि चित्राची फिकट उलटी प्रत दिसते. रंग काचेला चिकटून बसणारा हवा. मध्ये हवा राहिली की कड पुन्हा आरसाच. आणि कोटिंगहून चकत्या आल्या की गोंद लावण्याआधी प्रत्येकीच्या कडेला पेन्सिलने 1 ते 5 क्रमांक आणि कोटिंगच्या बाजूला बाण काढा. 12.5 आणि 14.3 टक्के नुसत्या डोळ्यांना वेगळे ओळखू येत नाहीत, आणि चळत सुकल्यावर त्यांची अदलाबदल करता येत नाही.