भारतनेटचं फायबर पंचायतीपर्यंत ठीक, पण घराघरांत नेण्यात पैसा घालावा का?

हिशेबनीस

खेड्यांत फायबरने इंटरनेट नेणाऱ्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला ऑक्टोबर २०११मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायच्या होत्या. पहिल्या एक लाखालाच डिसेंबर २०१७ उजाडला. मधे योजनेचं बारसं नव्याने होऊन ती भारतनेट झाली. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित कार्यक्रम मंजूर केला: १,३९,५७९ कोटी रुपये, २.६४ लाख पंचायती रिंगने (गोल फिरून परत येणाऱ्या मार्गाने) जोडायच्या, मागणी आली तर त्यापलीकडची ३.८ लाख गावं, दहा वर्षांची देखभाल आणि पाच वर्षांत दीड कोटी घरजोडण्या.

भागाकार केला तर पंचायतीमागे साधारण ५३ लाख होतात. घरजोडण्यांनी भागलं तर घरामागे ९३ हजार. त्याच फायबरवर शाळा, दवाखाने, टॉवर चालणार हे मान्य. तरी आकडा खुपतोच.

माझं म्हणणं असं की सरकारने फायबर टॉवरच्या पायथ्याशी थांबवावं. तिथून पुढे घरापर्यंत ४जी-५जी. उरलेल्या पैशातून गरीब घराच्या बिलात थेट सवलत द्यावी, कंपनी कोणती घ्यायची ते घर ठरवेल. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाची कसोटी सांगते की प्राथमिक जोडणी दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांत बसावी. वर्षाला दोन लाख उत्पन्न धरलं तर ते महिना ३३३ रुपये होतात. ३९९चा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ४७१ला पडतो. खेड्यातलं उत्पन्न सरासरीच्याही खाली. वरचे १३८ रुपये चर खणून कमी होणार आहेत का?

जोडारी

भागाकार अर्धाच केलात. जुलै २०२२मध्ये केंद्राने ४जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी मंजूर केले. गावामागे एक कोटी सात लाख. त्यात चालवण्याचा खर्च पाचच वर्षांचा आहे, भारतनेटमध्ये देखभाल दहा वर्षांची. हवा फुकट असते, पण तिच्यातून सिग्नल सोडणारं सामान फुकट नसतं.

आता क्षमता. टॉवरच्या एका दिशेचा भाग म्हणजे सेक्टर. २० मेगाहर्ट्झचा ४जी सेक्टर कागदावर १५० एमबीपीएस देतो, भरलेला असताना ३०-४० मिळाले तरी पुष्कळ. रात्री आठला एका व्हिडिओला ३ एमबीपीएस धरा. बारा-तेरा घरांत सेक्टर संपला, आणि रस्त्यावरचे मोबाइल अजून मोजलेलेच नाहीत. ५जीचा ३.५ गिगाहर्ट्झचा सेक्टर खूप मोठा, पण टेकडीआड आणि जाड भिंतीत तो लंगडतो, छतावर अँटेना लावावीच लागते. एकाच फायबरवर अनेक घरं जोडणाऱ्या जीपॉन तंत्रात एका पोर्टवर जवळपास २.५ जीबीपीएस मिळतात, ते ३२ घरांत वाटले आणि सगळे एकदम बसले, तरी घरामागे ७८ एमबीपीएस.

फायबर तुटतं ही तक्रार मात्र खरी, आणि त्याचं कारण फायबरच्या काचेत नाही, कामात आहे. पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये ओएलटी, म्हणजे फायबरवर सिग्नल सोडणारं मुख्य उपकरण, ठेवलं, तिथून बीएसएनएलच्या आधीच पुरलेल्या केबलमधले कोर (आतले एकेक फायबर) वापरले आणि शेवटचा तुकडा तेवढा २४ कोरचा नवा टाकला. रचना रांगेची. मधला जुना कोर गेला की पुढच्या सगळ्या पंचायती गेल्या.

डक्ट, म्हणजे केबलची नळी, पुरण्याची मानक खोली १.६५ मीटर. मुरूम किंवा काळा दगड लागला की ठेकेदार वर येतो, म्हणजे कमी खोलीवर पुरतो. वर यायला परवानगी असते, पण मग काँक्रीटचं वेष्टन किंवा जीआय पाइप लागतो. तो नसला आणि वर इशाऱ्याची पट्टीही नसली, की पाणीपुरवठ्याची पाइपलाइन टाकायला आलेला जेसीबी पहिल्याच फावड्यात डक्ट उचलतो.

तुटलेली केबल जोडली म्हणजे पूर्ववत झाली असंही नाही. वाटेत प्रकाश जेवढा मंदावतो ती घट डेसिबलमध्ये (डीबी) मोजतात. बी-प्लस वर्गाच्या ऑप्टिक्समध्ये अशी एकूण २८ डीबी घट चालते. एका फायबरचे ३२ वाटे करण्यात १७.५ जातात. १५ किलोमीटर केबलला १३१० नॅनोमीटर तरंगलांबीवर दर किलोमीटरला ०.३५ धरून सव्वापाच. दहा जॉइंटचा १, चार कनेक्टरचे २. झाले पावणेसव्वीस. हातात उरले सव्वादोन. जेसीबीने खेचलेली केबल थेट टोकाला टोक लावून जोडता येत नाही, मधे तुकडा घालावा लागतो, म्हणजे एका तुटीला दोन जॉइंट. रस्त्याकडेला धुळीत, फायबर कापायच्या बोथट क्लीव्हरने मारलेला जॉइंट ०.३ खातो. अशा तीन तुटी झाल्या की १.८ गेले. मग टोकाला बसवलेल्या ओएनटी डब्याचा दिवा लागतो आणि विझतो, गावकरी म्हणतात 'नेट स्लो आहे', आणि कार्यालयात मात्र लिंक चालू दिसते.

काठावरचा

पण सुधारित योजनेत रिंग आहे. एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने जाईल, मग रडायचं कशाला?

जोडारी

रिंग नकाशावर असते, जमिनीवर असेलच असं नाही. दोन्ही हात एकाच चरातून, एकाच केबलच्या वेगळ्या कोरमधून नेले तरी उपकरणाच्या पडद्यावर गोलच दिसतो. जेसीबी एका फटक्यात दोन्ही तोडतो. काम स्वीकारताना दोन्ही मार्गांचे जीपीएस बिंदू एकमेकांवर ठेवून बघायला हवेत. पूल आणि घाट सोडून मार्ग कुठे एकत्र आले तर त्या लांबीचे पैसे रोखावेत.

दुसरं, तूट शोधणारं यंत्र, ओटीडीआर, सांगतो ते अंतर काचेचं, रस्त्याचं नव्हे. प्रत्येक चेंबरमध्ये दहा-वीस मीटर जादा केबल गुंडाळलेली असते, शिवाय केबलच्या आत फायबर थोडं जास्तच लांब भरलेलं असतं. प्रत्यक्ष कामाचा नकाशा नसला तर '८.४ किलोमीटरवर तूट' यावरून माणूस तीन-चारशे मीटर चुकीच्या जागी खणत बसतो.

फुकटवायफाय

पीएम-वाणी या सार्वजनिक वायफाय योजनेची आठवण कुणाला झालीच नाही. डिसेंबर २०२०मध्ये मंजुरी मिळाली. किराणावाला किंवा चहावाला पीडीओ, म्हणजे वायफाय विकणारा, होऊ शकतो, परवाना नाही, नोंदणी नाही, शुल्क नाही. पाच-दहा रुपयांत दिवसाचं नेट. महिना ४७१ न परवडणाऱ्याला हेच परवडतं.

गल्लीनेट

कल्पना छान. घोडं पेंड खातं ते दुकानापर्यंतच्या जोडणीत: दुकानदाराने घरगुती कनेक्शन पुन्हा विकायचं नाही, व्यवसायासाठीची महागडी लीज लाइन घ्यायची, असा कंपन्यांचा आग्रह. जून २०२५मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने मर्यादा घातली, २०० एमबीपीएसपर्यंतची फायबर जोडणी पीडीओला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा महाग देता येणार नाही. पण त्यासाठी दुकानापर्यंत फायबर हवंच, म्हणजे आपण पुन्हा मूळ प्रश्नावर.

हिशेबनीस, तुमची थेट सवलत शहरात चालेल, जिथे चार कंपन्या आहेत. गावात एकच असली तर सवलतीचे १०० रुपये मिळाल्याबरोबर प्लॅन १०० रुपयांनी चढायला वेळ लागत नाही. स्वस्ताई हवी तर घाऊक पातळीवर हवी. सरकारने पंचायतीपर्यंतची क्षमता ठरलेल्या दराने, कुणालाही, त्याच अटींवर द्यावी. पुढचं काम गावातला केबलवाला करतो. त्याच्याकडे खांब आहेत, शिडी आहे आणि वसुलीची सवय आहे.

त्याचा हिशेब मात्र कुणी नीट मांडत नाही. १०० घरं, ३९९ने महिन्याचे ३९,९००. निम्मा वाटा धरला तर हातात १९,९५०. त्यातून एक पोरगा, पेट्रोल, खांबापासून घरापर्यंतची ड्रॉप केबल, जळालेले अडॅप्टर, पावसाळ्यात विजेने उडालेले राउटर. ६० घरांवर तो तोट्यात जातो. पहिलं वर्ष ६०च्या खालीच असतं, म्हणून तो सहाव्या महिन्यात सोडून जातो. सवलत द्यायचीच तर त्याला पहिली दोन वर्षं कमी पडणाऱ्या घरांपुरती द्या.

हिशेबनीस

टॉवरचा भागाकार बरोबर आहे, पण ती उरलेली, डोंगरातली, वीजसुद्धा नीट नसलेली गावं. त्यांचा दर सपाटीवरच्या गावाला लावणं बरोबर नाही.

खासगी बळावर हे चालेल यावर मात्र माझा विश्वास नाही. जून २०२१मध्ये १६ राज्यांत खासगी भागीदारीला मंजुरी दिली, १९,०४१ कोटींचं अर्थसाहाय्य देऊ केलं, आणि बोली लावायला कुणी आलं नाही. दुसऱ्याने पुरलेली केबल स्वतःच्या जबाबदारीवर कोण घेईल? तिची खोली किती, जॉइंट किती, कुणालाच ठाऊक नाही.

आणि हा पैसा आकाशातून पडत नाही. कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ८ टक्के परवाना शुल्क जातं, त्यातले ५ सार्वत्रिक सेवेच्या निधीसाठी. म्हणजे तुमच्या-आमच्या रिचार्जमधूनच. तो आधी भारताच्या संचित निधीत जातो आणि अर्थसंकल्पातून मिळेल तेवढाच परत येतो. निधीचं नाव आता डिजिटल भारत निधी झालं, वाट तीच.

काठावरचा

मग केबल खांबांवरून न्या ना. खणायला नको, परवानग्यांचं लचांड नको. केरळच्या के-फॉन या सरकारी फायबर योजनेने वीज मंडळाचे खांब वापरलेच की.

जोडारी

लवकर होतं आणि बरंच स्वस्त पडतं, त्यामुळे नाही म्हणणार नाही. पण उसाच्या पट्ट्यात भरलेली ट्रॉली साडेचार-पाच मीटर उंच जाते, रस्ता ओलांडणारी केबल तिथेच अडकते. फडातलं पाचट पेटवलं की बांधावरच्या खांबावरचं आवरण वितळतं. वळवाच्या वाऱ्यात झोळ वाढतो, माकडं जॉइंटवरचे क्लोजर डबे ओरबाडतात. रस्ता ओलांडताना जमिनीखालून, बाकी खांबावरून, असं मिश्र काम करावं. फक्त हवेतल्या केबलला दुरुस्तीची माणसं दुप्पट धरा.

गल्लीनेट

राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात २०३०पर्यंत २.७० लाख गावांत ९५ टक्के चालू वेळेचं लक्ष्य आहे. ऐकायला शंभरात पंच्याण्णव गुण वाटतात. प्रत्यक्षात वर्षाला १८ दिवस बंद. ऑनलाइन फॉर्मची शेवटची तारीख त्या १८त आली की पोरगं तालुक्याला एसटीने जातं, आणि पुढच्या महिन्यात घर मोबाइल डेटावर परत. ९८ टक्के केलं तरी सात दिवस जातातच, पण तेवढं लोक सोसतात.

हिशेबनीस

ठीक, फायबर घरापर्यंत न्या. पण मग ठेकेदाराला पैसे खणलेल्या मीटरवर नकोत, चालू घरामागे हवेत. मोजमाप पुस्तकात मीटर भरले की त्याचं काम संपतं, हाच सगळा रोग आहे.

गल्लीनेट

नुसतं घरामागे दिलं तर तो गावठाणातली ८० घरं जोडेल आणि तीन किलोमीटरवरचा पाडा सोडून देईल. अंतरानुसार दर चढता हवा. शिवाय भांडण ठरलेलं आहे: बंद पडलं की ठेकेदार म्हणतो तुमची लाइट गेली होती, पंचायत म्हणते केबल तुटली होती. पंचायतीचं बिल थकल्यामुळे वीज कापलेली असते आणि बॅटरी पूर्ण उतरून कधीच मेलेली, हेही पुष्कळदा खरं असतं.

जोडारी

ते भांडण ओएलटीच्या नोंदीतच सुटतं. ओएनटीची वीज गेली तर विझण्याआधी तो 'डाइंग गॅस्प' नावाचा शेवटचा संदेश पाठवतो. केबल तुटली तर संदेश येत नाही, थेट सिग्नल गेल्याची नोंद होते, आणि बहुधा एकाच स्प्लिटरवरची (फायबर वाटणाऱ्या डब्यावरची) सगळी घरं एकदम जातात. निविदेत एवढं लिहावं: डाइंग गॅस्प आला तर तास पंचायतीच्या खात्यावर, नाही आला तर ठेकेदाराच्या. नोंदी त्याच्या सर्व्हरवर न ठेवता थेट जिल्ह्याला जाव्यात. आणि ओएनटी घेताना हा संदेश पाठवण्यापुरती वीज साठवणारा कपॅसिटर आत आहे का, ते प्रत्येक खेपेतले चार-पाच नग प्लगमधून उपटून तपासावं. स्वस्त मालात पहिली काटछाट तिथेच होते.