आखाजी, दोन लग्ने आणि पाटणादेवी: गणिताच्या शिक्षकाने खान्देशातील सुट्टीत काय पाहावे?

धरणगावची लेक

नमस्कार. मी पुणे जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. माझे माहेर धरणगाव तालुक्यात आणि सासर पाचोऱ्याकडे आहे. यंदा आखाजीसाठी, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेसाठी, दोन दिवसांची रजा टाकून मी माहेरी येणार आहे. त्यानंतर सुट्टी लागताच चुलतभावाचे लग्न, मग शिरपूरला मामेबहिणीचे लग्न आणि मेच्या अखेरीस मोठ्या काकांचे सहस्रचंद्रदर्शन, असे एकामागून एक कार्यक्रम ठरले आहेत. घरात तीस-पस्तीस माणसे असतील आणि त्यांच्यात मला मनापासून राहायचे आहे, हे आधीच सांगते. कारण माझा प्रश्न नातेवाइकांपासून सुटका कशी करून घ्यावी, हा नाही.

अडचण अशी आहे की गेल्या वर्षीची सुट्टीही अशीच भरगच्च गेली आणि जूनमध्ये वर्गात उभी राहिले तेव्हा शिकवण्यासाठी माझ्याजवळ नवे काहीही नव्हते. दहावीला पायथागोरसचे प्रमेय मी सलग अकराव्या वर्षी त्याच आकृतीने शिकवले. तास संपता संपता एका मुलाने विचारले, "बाई, हे आपल्याकडच्या लोकांना माहीत होते का?" मी भास्कराचार्यांचे नाव घेतले आणि तिथेच थांबले, कारण त्यापुढे सांगण्यासारखे मला काही ठाऊक नव्हते. ज्या जिल्ह्यात माझे बालपण गेले, त्याच जिल्ह्यातल्या पाटणादेवीशी हे नाव जोडलेले आहे; आम्ही तिथे नवस फेडायला दोनदा गेलो आहोत आणि दोन्ही वेळा डबे खाऊन परतलो आहोत. त्या मुलाचा प्रश्न वर्षभर माझ्या मनात सलत राहिला आहे.

म्हणून जाणकारांना विचारते. खान्देशात फिरताना गणिताच्या शिक्षकाला खरोखर उपयोगी पडेल असे काय पाहता येईल? सोबत आई, एक्याऐंशी वर्षांचे काका आणि नऊ व तेरा वर्षांची दोन मुले असतील, शिवाय उन्हाचा प्रश्न आहेच. लग्नघरातून अशा कामासाठी दिवस मागावा तरी कसा, हेही कोणी अनुभवाने सांगितले तर बरे होईल.

डोंगरीकाठ, चाळीसगाव

ताई, मी एकतीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे आपला प्रश्न मला फार जवळचा वाटला. पाटणादेवीला तिसऱ्यांदा अवश्य जावे, मात्र या वेळी थोडी तयारी करून जावे.

चाळीसगावापासून साधारण अठरा किलोमीटरवर, गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत हे स्थान आहे. भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा आणि ते नेमके कोणत्या गावचे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तेव्हा वर्गात "ते आमच्या पाटणचे" असे ठामपणे सांगू नये. ठामपणे सांगता येते ते असे की पाटण येथे इ. स. १२०७ मधील एक शिलालेख मिळाला आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत यासाठी त्याने इथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्या मठाला दान दिले, असे हा लेख सांगतो. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण शेवटी मठाच्या उत्पन्नाचा तपशील जुन्या मराठीत कोरलेला आहे. बाजारात येणाऱ्या मालावरील हक्काचा वाटा मठाला मिळावा आणि प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, अशा आशयाची ती कलमे आहेत. विचार करा, आठशे वर्षांपूर्वी आपल्या भागातले तेलाचे घाणे गणिताच्या पाठशाळेचा दिवा तेवत ठेवत होते. हे कळल्यानंतर मी पाटणच्या वाटेवर कधी गप्पा मारत चाललो नाही.

आता वर्गाचे काम. "सिद्धान्तशिरोमणि" हा ग्रंथ भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये पूर्ण केला आणि "लीलावती" हा त्याचा पहिला भाग. त्यात एक उदाहरण आहे: सपाट जमिनीवर बत्तीस हात उंचीचा वेळू उभा आहे, वाऱ्याने तो मध्येच मोडला आणि त्याचे टोक बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकले, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर बारा हात, कारण उरलेल्या वीस हातांचा कर्ण होतो. हे उदाहरण फळ्यावर सोडवू नका. आपल्याकडे या दिवसांत कडब्याला तोटा नाही. ज्वारीचे सरळ ताट, म्हणजे वाळलेले धाट, घ्यावे, मुलांना त्यावर बत्तीस बोटे मोजायला लावावीत आणि ते कुठे मोडायचे हे त्यांनाच शोधू द्यावे.

एक गोष्ट मात्र जपावी. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंमधील हा संबंध भास्कराचार्यांनी शोधलेला नाही. तो त्यांच्या कितीतरी आधी शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांत, आलेला आहे. आपल्या विद्यार्थ्याला उत्तर देताना अभिमानाच्या भरात हा क्रम चुकू नये.

सकाळी सहाला चाळीसगावातून निघावे आणि अकराच्या आत परत यावे. मे महिन्यात धबधबे कोरडे असतात, पण पहाटेचे जंगल शांत असते. परत येताना वेळ उरला तर स्टेशनजवळचे केकी मूस यांचे घर मुलांना दाखवावे. हा थोर छायाचित्रकार अनेक दशके जवळजवळ घराबाहेर न पडता काम करत राहिला, १९८९ मध्ये गेला आणि त्याच घरात आता त्याचे कलादालन आहे.

सातपुड्याची सावली, भुसावळ

वरील माहिती मोलाची आहे, पण मला दुसऱ्या बाजूने काही सांगायचे आहे. मी परिचारिका आहे आणि मलाही सुट्टीतून कामासाठी काहीतरी घेऊन येण्याची सवय होती. दर वेळी एखादे पुस्तक नाहीतर एखादे प्रशिक्षण मी सुट्टीत बसवत असे. चार वर्षांपूर्वीच्या आखाजीला मी ते सोडले आणि दिवसभर आईजवळ चुलीपाशी बसून राहिले. तिने पुरण भरलेली पारी लाटून उचलली, दोन्ही हातांवर ती फिरवत फिरवत एवढी मोठी केली की कोपरापर्यंतचे हात झाकले गेले, आणि एका झटक्यात पालथ्या खापरावर टाकली. एकाही मांड्याला भोक पडले नाही. मी फक्त पाहत होते. त्याच वर्षी पौषात आई गेली.

आखाजी हा आपल्याकडे लेकींचा सण आहे. घागर भरून पितरांचे स्मरण होते, सालदारांचे, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणाऱ्या शेतगड्यांचे, नवे वर्ष सुरू होते, निंबाला झोके बांधले जातात आणि सासुरवाशिणीला दोन दिवस कोणी काम सांगत नाही. तेवढे दोन दिवस तरी वही घरात आणू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

राहिला प्रश्न दिवस मागण्याचा. आपल्या घरातले पुरुष लग्नाच्या धामधुमीतही "जरा काम आहे" असे म्हणून निघून जातात आणि कोणी काही विचारत नाही. आपण मात्र परवानगी मागतो. तेव्हा मागू नका. आताच फोन करून तारीख सांगा, म्हणजे त्या दिवशी पापड-कुरडयांचा घाट कोणी घालणार नाही. आणि एकट्या जाऊ नका, काकांना बरोबर न्या.

पांझराकाठ, धुळे

मी शेतकरी आहे, शिक्षक नाही, तरीही एक सुचवतो. शिरपूरला लग्नासाठी येणारच आहात तर धुळ्याला एक दिवस थांबून पांझरेवरचा एखादा जुना बंधारा आणि त्याखालचा फड, म्हणजे त्या पाण्यावर भिजणारा जमिनीचा भाग, पाहून जावा. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा कालवा, कालव्यावरून चाऱ्या आणि चारीवरून शेतात जाणारे सारंग, अशी ही रचना तीन-चारशे वर्षे लोकांनी स्वतः सांभाळली. भिजणारी जमीन साधारण चार फडांत विभागलेली असते. यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक आणि कोणता पडीक, हे गाव मिळून ठरवते आणि एका फडात एकच पीक घेतले जाते. पाणी देणारा पाटकरी ठरलेला असतो. आपल्या शेताला पाणी स्वतः फोडून घेता येत नाही.

यात गणित कुठे आहे, असे आपल्याला वाटेल. माझ्या आजोबांची सव्वातीन एकर जमीन एका जागी नव्हती, ती चारही फडांत पट्ट्यापट्ट्यांनी होती. लहानपणी मला तो वेडेपणा वाटे. पुढे समजले की पाणी कमी पडून एक फड पडीक ठेवावा लागला तर प्रत्येकाची थोडी थोडी जमीन कोरडी राहते, एका कोणाची सगळी राहत नाही. नुकसान सर्वांमध्ये जमिनीच्या प्रमाणात वाटले जाते. आपल्या मुलांना गुणोत्तर आणि प्रमाण शिकवताना चार शेतकरी, चार फड आणि एक दुष्काळी वर्ष घेऊन दोन्ही प्रकारे हिशोब करायला सांगा; एकदा जमीन एकत्र धरून आणि एकदा विभागून. विहिरी आणि मोटारी आल्यावर बरेच फड मोडले, ही माझ्या मनातली खंत आहे, म्हणून जे टिकून आहेत ते शिक्षकांनी पाहावेत असे वाटते.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर या दोन्ही ठिकाणी जुनी कागदपत्रे व बाडे जतन केलेली आहेत. वाचनाची आवड असेल तर तिथेही एक दुपार सत्कारणी लागेल.

धरणगावची लेक

शाळा सुरू होण्यापूर्वी सर्वांना उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. पांझराकाठचे दादा, प्रथम आपली क्षमा मागते. शिरपूरच्या लग्नात वरातीपासून पाठवणीपर्यंत तीन दिवस गेले आणि धुळ्याला थांबणे जमले नाही. आपले चार फडांचे उदाहरण मात्र मी लिहून काढले आहे आणि दिवाळीत बंधारा पाहायला येणार आहे.

भुसावळच्या ताई, आखाजीला वही पुण्यालाच ठेवून आले होते. आपण लिहिलेले आईला वाचून दाखवले. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी मला चुलीजवळ पाट मांडून दिला.

पाटणची तारीख मी एप्रिलमध्येच घरी कळवली होती. आई, काका, मुले आणि मी आदल्या दिवशी एसटीने चाळीसगावला मुक्कामी गेलो. काकांना पंचाहत्तरीपुढचा मोफत प्रवास आणि आम्हा बायकांना अर्धे तिकीट, त्यामुळे खर्चाचा प्रश्नही फारसा आला नाही. पहाटे मंदिराच्या पायरीवर बसून मी मठाच्या दानाची हकिकत मुलांना सांगत होते. घाण्यामागे पळीभर तेल, हे शब्द आले आणि इतका वेळ डोळे मिटून बसलेले काका एकदम म्हणाले, "आमच्या गावचा घाणाही देत होता." लहानपणी ते तीळ घेऊन घाण्यावर जात. घाण्याच्या खांबाला एक लोखंडी पळी टांगलेली असे आणि दर शनिवारी पहिली पळी मारुतीच्या दिव्यासाठी बाजूला काढली जाई. पळीचा दांडा वर आकड्यासारखा वळवलेला होता, हे त्यांनी बोट वाकवून दाखवले. एवढ्या वर्षांत मी त्यांना त्यांच्या लहानपणाविषयी कधी काही विचारले नव्हते, याचे मला फार वाईट वाटले. परतीच्या वाटेवर मुले त्यांच्याच शेजारी बसली.

कडब्याचा प्रयोग हळदीच्या रात्री अंगणात केला. ओट्यावर खडूने बुंध्याची खूण केली, तिच्यापासून सोळा बोटांवर दुसरी रेघ मारली आणि बत्तीस बोटांची ताटे मुलांच्या हाती दिली. तेरा वर्षांच्या मुलीने पहिले ताट दहा बोटांवर मोडले, तर टोक रेघ ओलांडून साडेएकोणीस बोटांवर गेले. दुसरे चौदावर मोडले, ते सव्वाअकराच्या आसपासच टेकले. मग ती बराच वेळ दोन्ही ताटांकडे पाहत बसली आणि तिसरे तिने बारावर मोडले. टोक रेघेवर टेकताच हळद लावायला आलेल्या बायकासुद्धा वाकून पाहू लागल्या, आणि काकूंनी "पुन्हा एकदा कर" असे सांगून तिला नवे ताट आणून दिले.

नऊ ताटे जुन्या धोतरात गुंडाळून पुण्याला आणली आहेत. शाळा सोमवारी सुरू होईल आणि ज्या मुलाने प्रश्न विचारला होता तो आता अकरावीत गेला असला तरी त्याला निरोप पाठवला आहे.

एक काम राहिले आहे. काकांच्या आठवणीतल्या पळीत किती तेल मावत असे, हे त्यांना सांगता आले नाही. कोणाच्या घरी घाण्यावरची जुनी पळी असेल तर ती पाण्याने भरून, मापून, कृपया इथे कळवावे.