रेक्टर आणि लाराव्हेल: सारा कोड एकाच दुपारी बदलावा का?

पायवाट:
लाराव्हेल या पीएचपी भाषेतील वेब फ्रेमवर्कवर उभा असलेला जुना प्रकल्प पीएचपी ७.४ वरून ८ वर आणायचा असेल, तर रेक्टर (नियमांनुसार कोड आपोआप बदलणारे साधन) बसवावा, सगळे नियमसंच चालू करावेत आणि एका दुपारी मोकळे व्हावे, असा सल्ला परवा एका सदस्याने दिला. तो वाचून मी अस्वस्थ झालो, म्हणून सविस्तर लिहितो. रेक्टर केवळ मजकूर शोधून बदलत नाही. तो कोडचा सिंटॅक्स ट्री, म्हणजे रचनेचा वृक्ष, बांधतो आणि टाइप ओळखण्यासाठी पीएचपीस्टॅन या कोड न चालवता तपासणाऱ्या साधनाचा आधार घेतो. परंतु एलोक्वेंट (लाराव्हेलचा डेटाबेस हाताळणारा भाग) मॉडेलमधील स्तंभ हे क्लासमध्ये लिहिलेले नसतात, ते मॅजिक मेथडमधून, म्हणजे न लिहिलेली प्रॉपर्टी मागितल्यावर पीएचपी आपोआप बोलावते त्या मेथडमधून, येतात. आमच्या चमूने डॉकब्लॉकमधील (क्लासच्या वर लिहिलेल्या टिपणीतील) नोंदींवरून खऱ्या पब्लिक प्रॉपर्टी तयार करणारा एक नियम लिहून सर्व मॉडेलांवर चालवला. त्यानंतर दिलेले मूल्य त्या प्रॉपर्टीतच राहू लागले आणि सेव्ह केल्यावर डेटाबेसपर्यंत पोहोचेनासे झाले. कोठेही एरर आली नाही. टेस्टही पास झाल्या, कारण त्या नोंद पुन्हा न वाचता त्याच ऑब्जेक्टमधील मूल्य तपासत होत्या.

दीपस्तंभ:
आपण स्वतः लिहिलेल्या नियमाचे खापर साधनावर फोडत आहात. ड्राय-रन चालवला असता, तर फाइलींना हात न लावता संपूर्ण डिफ, म्हणजे होणाऱ्या बदलांची यादी, समोर आला असता. डेड कोड (न वापरला जाणारा कोड) आणि टाइप कव्हरेज (किती कोडला टाइप लिहिले आहेत) यांच्या नियमांच्या पातळ्या शून्यापासून एकेक वाढवण्याची सोय रेक्टरच्या कॉन्फिगमध्ये आहे, ती कशासाठी? मी शेकडो कंट्रोलरमधील टाइप हाताने लिहिण्यात अनेक आठवडे घालवले आहेत. ते कष्ट पुन्हा कोणाच्याही वाट्याला येऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

रानवारा:
डिफ समोर येतो हे खरे, पण चारशे फाइलींचा डिफ वाचतो कोण? माझी तक्रार तर त्याहून मूलभूत आहे. एखादी विचित्र अट कोणी आणि का घातली, हे मी गिट ब्लेममधून, म्हणजे प्रत्येक ओळ शेवटी कोणत्या कमिटने (नोंदवलेल्या बदलाने) बदलली हे दाखवणाऱ्या आज्ञेतून, शोधतो. आमच्याकडे हा प्रयोग झाल्यापासून प्रत्येक दुसऱ्या ओळीवर ‘रेक्टर चालवला’ एवढाच कमिट संदेश दिसतो. वर्षानुवर्षांची कारणमीमांसा एका कमिटखाली गाडली गेली आणि ज्यांनी ती अट घातली होती ते सहकारी आता येथे नाहीत.

दीपस्तंभ:
यावर उपाय २०१९ पासून उपलब्ध आहे. गिट २.२३ मध्ये ब्लेमसाठी वगळायच्या कमिटांची यादी देण्याची सोय आली. रेक्टरच्या कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) त्या यादीच्या फाइलीत लिहिला की ब्लेम त्याच्या मागच्या कमिटकडे जातो. हे माहीत करून न घेता संपूर्ण पद्धतीला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

रानवारा:
ते मला माहीत आहे, कृपया गृहीत धरू नये. आमच्याकडे प्रत्येक पुल रिक्वेस्ट (शाखेवरील बदल मुख्य शाखेत घेण्याची विनंती) स्क्वॉश करून, म्हणजे तिचे सर्व कमिट एका नव्या कमिटमध्ये गुंडाळून, मर्ज होते. त्यामुळे शाखेवरचा हॅश मुख्य शाखेत उरतच नाही आणि यादीतील नोंद निरुपयोगी ठरते. शिवाय त्याच पुल रिक्वेस्टमध्ये कोणी हाताने दुरुस्ती केली असेल, तर मर्जनंतरचा नवा हॅश यादीत घालताना ती दुरुस्तीही ब्लेममधून नाहीशी होते.

पायवाट:
म्हणूनच माझा आग्रह आहे की एका वेळी एकच नियम चालवावा, त्याची स्वतंत्र पुल रिक्वेस्ट असावी, तीत माणसाची एकही ओळ नसावी आणि मर्ज झाल्यानंतरच हॅश यादीत जावा. काही निर्णय तर साधनावर सोपवताच येत नाहीत. पीएचपी ८.० पासून शून्य आणि अंक नसलेली स्ट्रिंग यांची सैल तुलना (==) खोटी ठरते, आधी ती खरी ठरत असे. जुन्या लेखकाला तेथे काय अभिप्रेत होते, हे सिंटॅक्स ट्रीमध्ये लिहिलेले नसते. मात्र ड्राय-रनचा मुद्दा मी मान्य करतो. आम्ही तो चालवला होता, पण शेवटपर्यंत वाचला नव्हता.

दीपस्तंभ:
आमची यादी आत्ताच तपासली. तीनपैकी दोन हॅश मुख्य शाखेत सापडत नाहीत. स्क्वॉशबद्दलचे म्हणणे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. तरीही एका वेळी एकच नियम ही अट मला जाचक वाटते. एकाच पातळीवरचे नियम एकत्र चालवण्यास हरकत नसावी, फक्त मॉडेलांचे फोल्डर सुरुवातीला वगळावे.