पाश्चात्त्य कलाप्रवाह आणि त्यांचा काळ : सरळ जोड्या लावाव्यात का?

फोंड्याची शिक्षिका

नमस्कार. मी उच्च माध्यमिक वर्गांना इतिहास शिकवते. या सत्रात अकरावीच्या मुलांना युरोपच्या इतिहासाबरोबर तिथल्या चित्रकलेचीही ओळख करून द्यावी आणि शेवटी त्यांना जुन्या गोव्यात व पणजीत नेऊन काही गोष्टी प्रत्यक्ष दाखवाव्यात, असा बेत आहे. संदर्भ चाळताना मात्र एक गोष्ट सतत खटकते. बहुतेक पुस्तकांत एका कलाप्रवाहासमोर एक ऐतिहासिक घटना मांडून जोड्या लावलेल्या असतात : बरोक (भव्य, नाट्यमय शैली) म्हणजे कॅथलिक प्रतिधर्मसुधारणा (प्रोटेस्टंट चळवळीला कॅथलिक चर्चने दिलेले प्रत्युत्तर), नवअभिजाततावाद (प्राचीन ग्रीस-रोमचा आदर्श मानणारी शैली) म्हणजे फ्रेंच राज्यक्रांती, दृक्‌प्रत्ययवाद (इम्प्रेशनिझम) म्हणजे औद्योगिकीकरण, दादावाद (रूढ कलेची थट्टा करणारी चळवळ) म्हणजे पहिले महायुद्ध. शेवटची जोडी मला मान्य आहे, कारण १९१६ साली झुरिचमध्ये जमलेले ते कलावंत युद्धापासून दूर राहण्यासाठीच तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये आले होते. बाकीच्या जोड्यांविषयी शंका आहे. झाक-लुई दाव्हीदचे ‘होराशियो बंधूंची शपथ’ हे चित्र सर्रास क्रांतीचे चित्र म्हणून छापले जाते. पण ते १७८४ सालचे, म्हणजे पॅरिसमधला बास्तीयचा तुरुंग पडून क्रांती सुरू होण्याच्या पाच वर्षे आधीचे आहे, आणि तेही राजदरबाराच्या मागणीवरून काढलेले. अशा चित्रात त्या काळाचा इतिहास उमटला आहे असे म्हणायचे असेल, तर तो नेमका कुठे आणि कसा उमटला आहे, हे मुलांना कसे दाखवावे?

आल्तिनोकर

ताई, आपली शंका रास्त आहे. सोळाव्या लुईच्या अधिकाऱ्यांना दरबारी विलासाची नाजूक, गुलाबी चित्रे नकोशी झाली होती आणि कर्तव्य, त्याग, साधेपणा शिकवणारे प्राचीन रोमचे विषय हवे होते. दाव्हीदने तेच दिले : तीन भावांचे ताठ हात, मध्ये बापाने उंचावलेल्या तलवारी आणि एका बाजूला खचून बसलेल्या बायका. पुढे जॅकोबिनांनाही, म्हणजे जहाल क्रांतिकारकांनाही, हेच गुण हवेसे वाटले, म्हणून राजासाठी काढलेले चित्र क्रांतीच्या खात्यावर जमा झाले. खुद्द दाव्हीदने १७९३च्या जानेवारीत राजाच्या देहदंडाच्या बाजूने मत दिले, त्याच वर्षी मारा या क्रांतिकारकाचा मृत्यू रंगवला आणि पंधरा वर्षांच्या आत नेपोलियनच्या राज्याभिषेकाचे भव्य चित्रही पूर्ण केले. धनी बदलले तरी हात तोच राहिला. त्यामुळे एखादी शैली म्हणजेच एखादी घटना, असे समीकरण मी वर्गात मांडत नाही.

इतिहास चित्रात कसा शिरतो हे दाखवायचे असेल, तर मी मुलांसमोर वेरोनेझे या इटालियन चित्रकाराचे व्हेनिसमधले मोठे चित्र ठेवीन. डॉमिनिकन मठाच्या भोजनगृहासाठी त्याने १५७३ साली ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचे, सुमारे तेरा मीटर रुंदीचे चित्र काढले. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५६३ साली धार्मिक चित्रांत काय असू नये याविषयी ठराव केलेला होता, आणि त्या वातावरणात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, चित्रकाराला चौकशीसाठी बोलावले. हातावर पोपट घेतलेला विदूषक प्रभूच्या पंगतीत कशाला? नाकातून रक्त येणारा नोकर कशाला? आणि जर्मन पेहरावातले, भाले घेतलेले शिपाई कशाला? शेवटचा प्रश्न सर्वांत टोचणारा होता, कारण जर्मन म्हटले की ल्यूथरचे प्रोटेस्टंट अनुयायी डोळ्यांसमोर यायचे. चित्र तीन महिन्यांत, स्वखर्चाने सुधारण्याचा आदेश निघाला. वेरोनेझेने त्याचे नावच बदलून ‘लेवीच्या घरची मेजवानी’ असे ठेवले, आणि विदूषक व शिपाई जागच्या जागी राहिले. या चित्राचा मधला भाग मुलांनी पाहिला नाही तरी चालेल. ज्या कडेच्या माणसांवरून खटला झाला, त्यांच्यात सोळाव्या शतकातला धार्मिक संघर्ष बसलेला आहे.

जुना इतिहासवाला

आल्तिनोकरांनी व्हेनिसचे सांगितले, मी जुन्या गोव्याचे सांगतो, कारण काळ आणि कला एका चालीने चालत नाहीत हे तिथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल.

बॉम जेझुस बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरच्या समाधीसमोर मुलांना उभे करा आणि ती वरपासून खालपर्यंत नीट पाहायला सांगा. वर चांदीची पेटी आहे, तिच्यावर संताच्या आयुष्यातले प्रसंग लहान लहान चौकटींत घडवलेले आहेत. ती १६३६-३७ च्या सुमारास गोव्यातल्याच सोनारांनी केली. खालचा संगमरवरी व रंगीत दगडांचा चौथरा मात्र फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याचा. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याने तो भेट म्हणून पाठवला आणि १६९८ साली तो इथे बसवला गेला. चौथऱ्याच्या चारही बाजूंना ब्राँझच्या पाट्या आहेत. त्यांत धर्मोपदेश, बाप्तिस्मा, मोलुक्कास बेटांकडे जीवावर बेतलेला हल्ला आणि चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावरचा मृत्यू असे प्रसंग आहेत. वळणारी वस्त्रे, उसळणारे देह, सगळे काही अस्सल बरोक. पुस्तकातल्या जोडीप्रमाणे याचा अर्थ काढायचा तर विजयी चर्च आणि समर्थ साम्राज्य असा काढावा लागेल.

आता त्या वेळचे गोवे आठवा. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली होती. १६८३च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांनी जुवे बेटावरचा किल्ला घेऊन राजधानीच्या दाराशी धडक मारली. तेव्हा घाबरलेल्या विजरईने (पोर्तुगीज राजप्रतिनिधीने) झेवियरच्या शवापाशी जाऊन आपला अधिकारदंड तिथे ठेवला, असे सांगतात. मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे महाराजांना मागे वळावे लागले, म्हणून पोर्तुगीज वाचले. साथीच्या रोगांनी शहर पोखरले होते, व्यापार घसरला होता, आणि पुढे ओस पडत गेलेल्या या राजधानीऐवजी १८४३ मध्ये पणजीला अधिकृत राजधानीचा मान मिळाला. देणाऱ्याचीही अवस्था फारशी बरी नव्हती : मेदिची घराणे उतरणीला लागलेले होते आणि कोझिमोच्या मुलाबरोबर १७३७ साली ते संपले. उतरणीच्या घराण्याने उतरणीच्या शहराला पाठवलेली भेट इतकी वैभवशाली असावी, यात मला विसंगती दिसत नाही. आपण कसे दिसावे असे पैसे देणाऱ्याला वाटते, ते अशी कला सांगते. आपण खरोखर कसे आहोत हे ती सांगेलच असे नाही. त्यासाठी दफ्तरांकडेच वळावे लागते, आणि इतिहासाच्या शिक्षकाने हे काम चित्रावर सोपवू नये.

मांडवीकाठ

सरांचे विवेचन आवडले, पण पैसे देणाऱ्यावर सगळा भार टाकता येणार नाही. दृक्‌प्रत्ययवाद्यांना राजा नव्हता आणि चर्चही नव्हते. १८४१ साली कथलाची रंगनळी आली, रेल्वेने पॅरिसबाहेरचे नदीकाठ तासाभराच्या अंतरावर आणले, आणि रंग घेऊन उघड्यावर चित्र काढणे सोयीचे झाले. इथे काळ विषयापेक्षा साधनांतून शिरला.

तरीही या चित्रांत एक मोठी पोकळी आहे. १८७०-७१ मध्ये प्रशियाशी युद्ध झाले. बाझीय हा या चित्रकारांचा तरुण मित्र रणांगणावर मारला गेला. त्यांच्यातले मोने आणि पिसारो लंडनला गेले. लुव्हसिएनमधले पिसारोचे घर प्रशियन सैनिकांनी बळकावले आणि त्याची कितीतरी चित्रे नष्ट झाली. मग पॅरिस कम्यून, म्हणजे शहरातली बंडखोर राजवट, आले आणि मे महिन्याच्या एका आठवड्यात सरकारी फौजेने हजारो माणसे मारली. चित्रकार कूर्बेला तुरुंगात जावे लागले. हे सारे घडून तीन वर्षेच झाली असताना, १८७४ साली, या मंडळींचे पहिले प्रदर्शन भरले, आणि भिंतींवर होत्या होड्या, बागा आणि गजबजलेले रस्ते. इतके न बोलणे हीदेखील त्या काळाची साक्षच आहे, असे मला वाटते.

फोंड्याची शिक्षिका

सर्वांचे आभार. मांडवीकाठ यांचा मुद्दा वर्गात नेण्याआधी एक अडचण मांडते. चित्रात जे नाही तेही पुरावा मानायचे ठरले, तर कोणत्याही चित्रातून काहीही सिद्ध करता येईल. आमची मुले हुशार आहेत. फुलदाणीच्या चित्रात दोन्ही महायुद्धे शोधून दाखवतील. या वाचनाला मर्यादा कोणती?

आल्तिनोकर

मर्यादा अशी, की तीच गोष्ट त्याच काळात दुसरा कोणी बोलला आहे का ते पाहावे. चित्रकार माने याच वर्तुळात वावरणारा. त्याने १८७१ मध्येच रस्त्यावरच्या अडथळ्यांचे आणि तिथे पडलेल्या प्रेताचे शिलामुद्रित (दगडावरून छापलेले) चित्र केले होते. म्हणजे विषय सुचण्यासारखा होता आणि काढताही येत होता. म्हणून इतरांच्या गप्प राहण्याला वजन येते. फुलदाणीला ते येत नाही.

दुसरी खबरदारी तारखांची. चित्र कधी काढले आणि लोकांनी कधी पाहिले, या दोन तारखा वेगळ्या लिहायला लावाव्यात. माद्रिदमध्ये १८०८च्या ३ मे रोजी नेपोलियनच्या शिपायांनी केलेल्या कत्तलीचे गोया या स्पॅनिश चित्रकाराचे चित्र १८१४ सालचे, फ्रेंच निघून गेल्यानंतरचे आहे, आणि मधल्या काळात त्याच गोयाने नेपोलियनच्या भावाच्या राजवटीचा सन्मानही स्वीकारला होता. जमिनीवरचा कंदील, पांढऱ्या सदऱ्यातला हात पसरलेला माणूस आणि आपल्याकडे पाठ केलेले बिनचेहऱ्याचे शिपाई, हे सारे सहा वर्षांनी, नव्या राजाच्या नजरेसमोर रचलेले आहे. युद्धाच्या भीषणतेवरची त्याची कोरीव मुद्राचित्रे तर त्याच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी, १८६३ साली छापून आली. ज्या पिढीने ते भोगले तिच्यातल्या बहुतेकांनी ती कधी पाहिलीच नाहीत.

जुना इतिहासवाला

ताई, पणजीत याच पद्धतीचा सराव करून घ्या. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात झोर्झ कोलासो याने १९३५ साली केलेली निळ्या-पांढऱ्या आझुलेझु फरशांची चित्रे आहेत. पोर्तुगीज कवी कामोंइशच्या ‘लुझियादस’ या सोळाव्या शतकातल्या महाकाव्याचे प्रसंग त्यांत आहेत : गलबते, चिलखते, दर्यावर्दींचे पराक्रम. त्या वेळी पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही होती, आणि १९३० च्या वसाहत कायद्याने गोव्याला आणखी घट्ट बांधले होते. त्याच वर्षी गोव्याच्या विधिमंडळात त्या कायद्याला विरोध करून गोमंतकीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडणारे लुईस द मिनेझिस ब्रागांझा. मुक्तीनंतर संस्थेला त्यांचेच नाव मिळाले. हे सारे या भिंतींवर कुठेच दिसत नाही.

याच्या शेजारी पिकासोच्या ‘गेर्निका’ची मोठी छापील प्रत धरा. तेही सरकारने सांगून करवून घेतलेले, स्पेनच्या प्रजासत्ताकाने १९३७च्या पॅरिस प्रदर्शनासाठी, आणि तेही जवळजवळ एकरंगीच. गेर्निका या गावावर बॉम्बहल्ला झाला २६ एप्रिलला, तरी चित्रात एकही विमान नाही. एकाच द्वीपकल्पातल्या दोन सरकारांनी दोन वर्षांच्या अंतराने कशासाठी पैसे मोजले, यावर मुलांना पानभर लिहू द्या.

फोंड्याची शिक्षिका

उत्तम. मग क्रम असा ठेवते : वर्गात वेरोनेझे आणि गोया, नंतर बासिलिका, आणि परतताना पणजी. जोड्यांचा तक्ता मात्र फळ्यावर राहील. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी हा धागा वाचलेला नाही.