बंद पडलेला ४४ इंची इंकजेट फक्त ब्लॅक अँड व्हाइटसाठी चालू होईल का?

करडाढग:
मंडळी, जरा सल्ला हवाय. एक जुना ४४ इंची इंकजेट प्रिंटर हाती लागलाय, आठ शायांचा, पिझो हेडवाला (हेड म्हणजे बारीक नोझलांतून शाई उडवणारा भाग), दोनेक वर्षं नुसता धूळ खात पडलेला. चालू होतो, कागदही ओढतो, पण नोझल चेकमध्ये (कुठली नोझल चालतायत ते दाखवणारा चाचणी प्रिंट) मॅजेंटा पूर्ण गायब आणि काळ्यात-सायनमध्ये मधेमधे भगदाडं. तीनदा पॉवर क्लीनिंग (जोरात शाई ओढून केलेली सफाई) मारलं, वाया गेलेल्या शाईचा मेंटेनन्स टँक भरत आला, फरक शून्य. मला कलर नकोच आहे, मोठे ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढायचेत फक्त. हेड गेलंच म्हणायचं का?

अंधारखोली:
आधी ते पॉवर क्लीनिंग थांबवा हो. लागोपाठ तीन नोझल चेक काढून शेजारी शेजारी ठेवा. भगदाडं दर वेळी जागा बदलत असतील तर बहुतेक हेड चोंदलेलं नाही, कुठेतरी हवा शिरतेय किंवा शाई पुरत नाहीये. तिथल्या तिथेच राहिली तर शाई वाळलीय, नाहीतर ते नोझलच मेलंय. आणि कॅपच्या (हेड जिथे झाकून ठेवतात ती) रबराची कड, हेड पुसणारा वायपर नीट पुसा, सगळे हेडच्या मागे लागतात आणि इथे शाईचा थर बसलेला असतो, मग पंप ओढणार काय, कप्पाळ? पुसून झालं की कॅपमध्ये क्लीनिंग फ्लुइड भरून हेड रात्रभर त्यावर पार्क करून ठेवा. सिरिंजने जोर लावू नका, मी एक हेड तसंच घालवलंय.

करडाढग:
काळ्या-सायनची भगदाडं सरकतायत! कॅप पुसल्यावर कमीही झाली. मॅजेंटा मात्र भिजवूनही ठणठण गोपाळ.

पातळशाई:
मॅजेंटाचा डॅम्पर (हेडच्या आधीची शाईची छोटी डबी) एकदा बदलून बघा. नाहीच आला तरी तुमचं काही अडत नाही. एकट्या काळ्याने छापलं तर हायलाइटमध्ये ठिपके दिसतात, रंग मिसळून करडा केला तर उजेड बदलला की हिरवट नाहीतर गुलाबी झाक येते, म्हणून रंगांच्या जागी काळ्याच कार्बन शाईच्या पातळ पातळ छटा भरतात, पिझोग्राफी म्हणजे तेच. क्वाडटोन रिप या छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या चॅनलला कुठली छटा ते आपणच ठरवायचं, त्यामुळे मॅजेंटा वगळून पाच-सहा छटांवर मस्त काम होतं (तुमचं मॉडेल त्यात चालतं का ते आधी बघा). त्या स्लॉटमध्ये फ्लुइडचं कार्ट्रिज ठेवा, रिकामा स्लॉट मशीन खपवून घेत नाही. नवी शाई भरण्याआधी सगळ्या लाइन फ्लुइडने धुवा, दोन कंपन्यांच्या शाया एकत्र आल्या तर आत गोळा व्हायची भीती असते. मग पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापून, मोजून लिनिअरायझेशन (म्हणजे छटा सारख्या अंतराने गडद होतील असं जुळवणं), हे टाळलं तर शॅडो सगळ्या एकात एक बुडतात.

करडाढग:
कॉटन पेपरवर छापायचंय, मग मॅट ब्लॅकच ना?

पातळशाई:
हो, मॅटच. ग्लॉसीवर तो बसत नाही, बोट लावलं की निघतो. आणि कार्ट्रिज अधूनमधून हलवत जा, पिगमेंट तळाला बसतं.

अंधारखोली:
शिवाय आठवड्याला एक तरी प्रिंट काढा, नाहीतर दोन महिन्यांनी परत इथेच भेटू.