लकोटा पोरांच्या बागा: टोमॅटो लावून अन्न-सार्वभौमत्व येतं का?

डकोटावासी:
मी साउथ डकोटात शेतीत एमएस करतोय. इथं रोझबड रिझर्वेशनवर (मूळ अमेरिकन जमातीसाठी राखलेला प्रदेश) मिशन गावाजवळ लकोटा जमातीच्या सिचांगु शाखेची केया वाकपाला नावाची बाग आहे, पोरं तिथं भाजी पिकवायला शिकतात, आपलं अन्न आपल्या हातात असा विचार. पण लकोटा तर बायसनमागे (अमेरिकेतले रानगवे) फिरणारे ना, मका लागला तर शेजारच्या अरिकारा जमातीकडून घ्यायचे. त्यांना शेतकरी बनवायचा हट्ट तर १८८७ च्या डॉज कायद्यात सरकारचा होता, मग ही बाग त्यांची कशी?

जुनं_दप्तर:
अहो डॉज कायद्यात जमिनीचे तुकडे पाडले आणि उरलेली गोऱ्यांना वाटली, काय पेरायचं हे लकोटांना कोणी विचारलं होतं का? त्याआधीच बायसन मारून माणसं रेशनवर आणलेली, आणि १८७६ ला अमेरिकन संसदेने सरळ अट घातली की ब्लॅक हिल्स हे तुमचे डोंगर सोडा नाहीतर रेशन बंद. रेशन काय तर मैदा न् चरबी, फ्राय ब्रेड म्हणजे तळलेली रोटी त्यातलीच. सरकारी मदतीच्या धान्या-डब्यांचे (कमोडिटी फूड) खोके अजून येतात, ताज्या भाजीला लांब जावं लागतं, डायबेटिस घरोघरी. अशात पोरांनी स्वतः लावलेला टोमॅटो खाल्ला तर तो परका कसा काय!

रानमेवा:
शिवाय बाग म्हणजे नुसते वाफे नाहीत हो. तिम्पसिला बघा, माळावरचा रानटी कंद, जूनच्या आसपास खणतात कारण नंतर वरचा झाड-भाग तुटून वाऱ्यावर उडून जातो मग कंद कुठंय ते कळतच नाही. खणला की बिया त्याच खड्ड्यात परत टाकायच्या. सोलून लसणाच्या वेणीसारखा विणून वाळवतात. हे शिकायला पोरांना म्हाताऱ्या माणसांबरोबर माळावरच जावं लागतं, वाफ्यात होत नाही ते.

डकोटावासी:
मग बायसनचं काय?

जुनं_दप्तर:
तेही चालूये की. रोझबडवरच २०२० पासून वोलाकोटा म्हणून सुमारे २८,००० एकरांवर कळप वाढवतायत. पण कळप सांभाळणं पंधरा वर्षांच्या पोराला कोण देणार, वाफा देता येतो. तुम्ही मदतीला जाणार असाल तर आधी त्यांना विचारा काय हवंय, आपला पीक आराखडा घेऊन जाऊ नका. गारा आणि वाऱ्याचं गणित मात्र तुमच्या अभ्यासातलं आहे, हूप हाउस (कमानींवर प्लास्टिक ताणलेलं शेडघर) लागलं तर तिथं उपयोगी पडाल.