दहा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदाच निवासी शिबिराला पाठवताना

ठाणेकर_आई:
माझ्या मुलीला एप्रिलमध्ये दहा वर्षे पूर्ण होतील. मेच्या पहिल्या आठवड्यात भोर परिसरात डोंगराच्या पायथ्याशी भरणाऱ्या सहा रात्रींच्या निवासी शिबिरात आम्ही तिचे नाव नोंदवले आहे. आजोळ वगळता ती आमच्याशिवाय कुठेही राहिलेली नाही. आयोजकांच्या यादीत अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी-पेला, टॉर्च आणि बूट एवढाच मोघम उल्लेख असून मोबाइलला मनाई आहे, आणि ती मनाई मला मान्य आहे. अडचणी वेगळ्या आहेत. तिचे केस कमरेपर्यंत लांब असून वेणी अजून मीच घालते, दुधीभोपळा आणि दोडका ती ताटात घेत नाही, आणि तिच्या शरीरात बदल दिसू लागल्यामुळे पाळीविषयी आताच बोलावे की शिबिर झाल्यावर, याबद्दल घरात एकमत नाही. सामान काय द्यावे आणि उरलेल्या दोन महिन्यांत तिची कोणती तयारी करून घ्यावी, हे अनुभवी पालकांनी कृपया सांगावे.

रानवाट:
मी उन्हाळी शिबिरांमध्ये मुलांसोबत राहणारी ताई म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. चाकांची बॅग देऊ नका, कारण बस थांबते तिथून तंबूपर्यंतची वाट बहुधा दगडधोंड्यांची असते आणि ज्याचे सामान त्यानेच उचलायचे असते. पाठीवरची सॅक भरून झाली की ती घेऊन मुलीला इमारतीचे दोन-तीन जिने चढायला सांगा, आणि तिला ती पेलली नाही तर सामान कमी करा. सॅक भरायची मात्र तिनेच. तुम्ही शेजारी बसून यादी वाचा. आईने भरलेल्या सॅकमध्ये टॉवेल नेमका कुठे आहे हे मुलांना ठाऊक नसते, आणि तो शोधण्याच्या नादात पहिल्याच संध्याकाळी सगळे कपडे तंबूभर पसरतात. प्रत्येक दिवसाचा जोड वेगळ्या पिशवीत ठेवला तर हा घोळ बराच टळतो.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळ असावेत. जीन्स जड असते आणि भिजली की लवकर वाळत नाही, म्हणून ती नको. मे महिन्यात दुपारपर्यंत रणरणते ऊन आणि संध्याकाळी वळवाचा पाऊस असे अनेकदा होते, तेव्हा पातळ रेनकोट आणि ओल्या कपड्यांसाठी मोठी प्लास्टिकची पिशवी द्या. अंतर्वस्त्रे मोजून न देता दोन-तीन जोड अधिक ठेवा. बूट नवे हवे असतील तर आत्ताच घेऊन रोज वापरायला लावा. कपड्यांवर न पुसणाऱ्या पेनाने नाव लिहा आणि ताट-वाटीवर भांड्यांच्या दुकानातून कोरून घ्या. शिबिराच्या शेवटी टोप्यांचा, बाटल्यांचा आणि एकेकट्या मोज्यांचा जो ढीग उरतो, त्यावर हक्क सांगायला कोणी येत नाही.

केसांबाबत स्पष्टच सांगते. सकाळी सगळ्या मुलींच्या वेण्या घालायला ताईंना वेळ नसतो. तिला स्वतःची वेणी घालायला शिकवा किंवा तिची तयारी असेल तर केस खांद्यापर्यंत कापा. घरी परतल्यावर बारीक फणीने उवा तपासायला विसरू नका.

बालरोगतज्ज्ञ_नाशिक:
पाळीविषयी शिबिराआधीच बोलावे, यात मला शंका नाही. दहाव्या-अकराव्या वर्षी पाळी सुरू होणे असाधारण नाही, आणि घरापासून दूर अचानक रक्त दिसले तर अजाण मुलगी घाबरते किंवा कोणाला न सांगता कपडे लपवते. पॅड कसे लावायचे, ते कागदात गुंडाळून कुठे टाकायचे आणि कोणत्या ताईला सांगायचे, एवढे तिने करून पाहिलेले असावे. सॅकमध्ये चार-पाच पॅड आणि गडद रंगाची एक जादा विजार ठेवावी.

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात दहाव्या वर्षी धनुर्वात आणि घटसर्पाची टीडी लस असते. ती या निमित्ताने देऊन घ्या. नेहमीची औषधे मुलीच्या सॅकमध्ये न ठेवता, मात्रा लिहिलेल्या चिठ्ठीसह शिबिरप्रमुखांकडे द्या. अपवाद दम्याच्या इनहेलरचा, तो तिच्याजवळच हवा. ओआरएसची 20.5 ग्रॅमची पाकिटे द्या आणि एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचे असते, हे तिला सांगा. अर्ध्या बाटलीत अख्खे पाकीट ओतण्याची चूक मोठी माणसेही करतात.

विंचवाचा विषय पालक टाळतात, पण कोकण आणि सह्याद्रीच्या पायथ्याला लाल विंचू आढळतो. बूट घालण्यापूर्वी उलटे करून झटकणे, सॅकची चेन बंद ठेवणे आणि रात्री टॉर्चशिवाय तंबूबाहेर न पडणे, या सवयी घरीच लावता येतात. दंशानंतर उलट्या, दरदरून घाम किंवा हातपाय गार पडणे दिसले तर रुग्णालय गाठावेच लागते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून या दंशावर परिणामकारक उपचार उपलब्ध आहे, मात्र तो वेळेत मिळायला हवा. म्हणून विंचूदंशावरचे उपचार आणि सर्पदंशावरचे प्रतिविष असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे आणि रात्री शिबिरात वाहन व चालक असतो का, हे आयोजकांना थेट विचारा. मोघम उत्तर मिळाले तर मी माझ्या मुलाला पाठवणार नाही.

दोन_मुलांचा_बाबा:
वरच्या प्रश्नांत आणखी एकाची भर घालतो. शिबिरात प्रस्तरारोहण किंवा नदी ओलांडणे असेल, तर राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, हे विचारून घ्यावे.

‘करमले नाही तर लगेच न्यायला येईन’ असे वचन मुलीला देऊ नका. असे वचन मिळालेले मूल पहिल्या रात्री रडू आले की रुळण्याचा प्रयत्न सोडून त्या वचनाची वाट पाहू लागते. घरची आठवण बहुतेकांना येते, ती झोपताना जास्त येते आणि दिवसभराच्या धावपळीत विरते, असे आधीच सांगणे अधिक उपयोगी ठरते. एप्रिलमध्ये शनिवार-रविवारी मावशीकडे किंवा मैत्रिणीकडे फोन न करता राहण्याचा सराव करा; आजोळी सगळेच लाड करतात, म्हणून ते यात धरू नका. पत्ता लिहिलेली दोन पोस्टकार्डे द्या. मुलगी बहुधा पत्राच्या आधी घरी पोहोचेल, पण रात्री लिहायला काहीतरी हाताशी असते. तुम्ही दिलेल्या चिठ्ठीत ‘तुझ्याविना घर सुने आहे’ असे मात्र लिहू नका.

भाज्यांची चिंता मला गौण वाटते. दिवसभर डोंगर चढून आलेली मुले दोडकाही मागून घेतात.

ठाणेकर_आई:
सर्वांचे आभार. वेणीचा सराव आजपासून सुरू केला आहे. सासूबाई बेसनाच्या लाडवांचा डबा देण्याचा आग्रह धरत आहेत, तो द्यावा का?

रानवाट:
तंबूत खाऊ ठेवला की रात्री मुंग्या आणि उंदीर येतात, आणि लपवून खाण्यावरून मुलांत रुसवेफुगवेही होतात. आयोजकांची परवानगी असेल तर सर्वांना पुरतील एवढे लाडू पाठवा आणि डबा पोहोचताच मुदपाकखान्यात देण्यास मुलीला सांगा. डब्यावरही नाव घालून द्या.